माया ठेवून कापा

(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या चाळिसाव्या वर्षीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना दोन-तीन ठिकाणी थोडी भर घातली आहे.)



पहिल्यांदा तुमचे आभार मानते. आज इथे बसलेल्या प्रत्येकानं निदान दहा वर्षांपूर्वीचा कपडा घातला आहे. समोरच्या रांगेत एक सफारी दिसतोय. तो लग्नातला आहे, हे त्याच्या बायकोनं मघाशी मला सांगितलं. वरचं बटण लागत नाही म्हणून त्यानं त्यावर उपरणं घेतलं आहे, तेही तिनंच सांगितलं. सहा महिन्यांपूर्वी हा प्रस्ताव मी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तेव्हा दोन दिवस कोणी काही बोललं नव्हतं. तिसऱ्या दिवशी एकानं लिहिलं, "हिची शिंप्याची दुकानदारी अजून संपली नाही." तो आज आला आहे, आणि त्याच्या अंगात फार सुंदर जुना झब्बा आहे.

झालं होतं असं, की समितीनं सगळ्यांसाठी टी-शर्ट ठरवले होते. पुढे शाळेचं चित्र, मागे '१९८५'. अडुसष्ट जण, प्रत्येकी साडेतीनशे रुपये. म्हणजे तेवीस हजार आठशे. मी हिशोब मांडला नाही, फक्त एक प्रश्न विचारला. पंचविसाव्या वर्षी जो टी-शर्ट केला होता, तो आता कोणाकडे आहे? उत्तरं मजेशीर आली. एकीच्या मुलानं होळीला वापरला. एकाचा गाडी पुसायला गेला, पण पाणी टिपेना म्हणून तिथूनही बाद झाला. एकाचा अजून पिशवीतच आहे, कारण त्याला तो कधी बसलाच नाही. अडुसष्टांत दोघांनीच तो दहापेक्षा जास्त वेळा अंगात घातला होता.

ते पैसे कुठे गेले, ते शेवटी सांगते.

मला 'कपड्यांचा कचरा' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मुंबईत कपडे निर्यात करणाऱ्या एका कंपनीत मी सव्वीस वर्षं तपासनीस म्हणून काढली, एवढाच माझा अधिकार. शिलाईतली चूक शोधायची आणि पीस बाजूला काढायचा, हे काम. कॉलरचा रंग अंगाच्या रंगाशी एक छटा जुळला नाही म्हणून चांगल्या शर्टांचे गठ्ठे बाद होताना मी पाहिले आहेत. कापडाचे थर रचून मशीननं कापले की पॅटर्नच्या मधलं जे उरतं, ते शंभर मीटरमागे दहा-पंधरा मीटर सहज असतं. रोज संध्याकाळी चिंधीवाला यायचा आणि ती पोती घेऊन जायचा. त्यातलं सुती वेगळं काढून मशीन पुसायला विकलं जाई. बाकीचं गादीत भरायला किंवा आणखी कुठे. मी तेव्हा विचारलं नाही, कुठे.

त्याच्याही आधी मी कापड शिकले ते या इमारतीत, कार्यानुभवाच्या तासाला. शिवणाच्या बाई आज समोर बसल्या आहेत. नाव घेतलं तर रागावतील, म्हणून घेत नाही. बाई, तुमचं एक वाक्य मी सव्वीस वर्षं रोज वापरलं: "माया ठेवून कापा." शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. अंगावर बरोबर मापाचं कापलं तर कपडा एकच वर्ष चालतो. बोटभर माया ठेवली तर मूल वाढतं आणि कपडाही वाढतो. आमच्या कंपनीत कागदावर माप असायचं, त्याहून एक सूतही माया जास्त सोडायची नाही, कारण लाख शर्टांत तेवढं कापड वाचतं. तयार कपडा उसवून मोठा करता येत नाही, त्याचं कारण हे. तो मोठा व्हावा अशी कोणाची अपेक्षाच नसते.

आता आमच्या घरचं सांगते. तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरचंही तेच असेल. माझे बाबा परळच्या गिरणीत होते. गणपतीला येताना ट्रंकेत कापड यायचं, गिरणीच्या दुकानात स्वस्तात मिळालेला तागा. त्या एका ताग्यात आम्हां चार भावंडांचे कपडे, उश्यांचे अभ्रे आणि दाराचा पडदा निघायचा. आम्ही पडद्यासमोर उभे राहिलो की दिसायचो नाही, असं शेजारी म्हणत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा आपण सातवीत होतो. त्या वर्षी गणपतीला बाबा आले, पण तागा आला नाही. पुढच्या वर्षीही नाही.

तेव्हा मायेचा अर्थ कळला. आईनं माझ्या निळ्या स्कर्टची खालची दुमड उसवून तो खाली सोडला. दुमडीच्या जागी कापड उन्हानं विटलेलं नव्हतं, तिथे गडद निळी रेघ उमटली. पुढच्या वर्षी दुसरी. नववीत माझ्या स्कर्टवर तीन रेघा होत्या. मैदानावर प्रार्थनेला उभी राहताना मी दप्तर पुढे धरायची. आज वर्गातल्या एकीनं मला सांगितलं, "तुझ्या रेघा मी मोजायची, कारण माझ्या दोनच होत्या आणि मला बरं वाटायचं." चाळीस वर्षांनी आम्ही दोघी हसलो. पण तेव्हा हसू येत नव्हतं, हे इथे नमूद करायला हवं. जुनं ते सोनं असं म्हणायला मी उभी नाही. आम्ही कपडा पुरवून वापरत होतो, कारण दुसरा नव्हता.

मात्र त्या नाइलाजात एक शिस्त होती आणि ती बायकांच्या हातात होती. आजीचं सुती लुगडं जुनं झालं की मऊ पडायचं. मग त्यातला चांगला भाग बाळाच्या दुपट्याला आणि लंगोटांना. नव्या कापडानं बाळाची कातडी सोलवटते, म्हणून जुनंच हवं. उरलेली लुगडी एकावर एक घालून गोधडी. वर बारीक धावदोरा, कडेपासून मध्यापर्यंत. गोधडी फाटली की तिच्या आत जुनी गोधडी घालून नवी. तिथेही न लागलेल्या पट्ट्यांची चुंबळ व्हायची. मासळीची टोपली किंवा पाण्याची कळशी डोक्यावर घ्यायला चुंबळ लागतेच. मग पोतेरं. शेणानं सारवलेल्या जमिनीला सुती पोतेऱ्याइतकं दुसरं काही चालत नाही. बाबांचा विटलेला सदरा शेतातल्या बुजगावण्याला. अगदी शेवटी उरलेली चिंधी पिळून, तेलात भिजवून देवळातला काकडा. म्हणजे जे कापड अंगावर आलं, ते देवापुढे जळून राख झाल्यावर संपलं. मधे पंचवीस-तीस वर्षं गेलेली असत.

माझी आई म्हणायची, "फाटलां म्हणान काय सरलां?"

आता माझ्या मुद्द्यावर येते. हे सगळं चालत होतं, ते केवळ आई-आजी काटकसरी होत्या म्हणून नाही. कापड सुती होतं म्हणून चालत होतं. सुती कापड पाणी टिपतं, मऊ पडतं, सुईला धरतं आणि कुजतं. आजचा आपला बहुतेक कपडा पॉलिएस्टरचा किंवा त्याच्या मिश्रणाचा असतो. त्याचं दुपटं करा, बाळाला घाम येईल. पोतेरं करा, पाणी नुसतं इकडून तिकडे सरकेल. काकडा करा, तर तो जळण्याऐवजी वितळून थेंब-थेंब खाली पडेल, आणि देवळाच्या पुजाऱ्याचा हात भाजेल. लुगड्याचे सात जन्म होते. या कपड्याचा एकच असतो, आणि त्यानंतर तो मरतही नाही.

हे मला उशिरा कळलं. आई गेली, त्यानंतर तिची ट्रंक मी उघडली. दर दिवाळीला मुंबईहून मी तिला साडी आणायची. चांगली, भारी, झगझगीत. त्यातल्या चौदा साड्यांची घडी मोडलेली नव्हती. ती म्हणायची, "ह्यां अंगाक चिकटता गो, माका सुतीच बरां." मला वाटायचं, तिला जपून ठेवायची सवय आहे. तीन सुती साड्या होत्या, त्या आलटून पालटून नेसून विरल्या होत्या. मी ठरवलं, आईच्या साड्यांची गोधडी करायची. गावात गोधड्या शिवणाऱ्या बाईंकडे सगळं गाठोडं घेऊन गेले. त्यांनी एकेक साडी बोटांत चोळून पाहिली, त्या तीन बाजूला काढल्या आणि चौदा परत दिल्या. "ह्यात टाको रवणा नाय," म्हणाल्या. टाका टिकत नाही. तीन साड्यांची गोधडी पातळ झाली. मी ती पांघरते. चौदा साड्यांचं काय करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

इथे एक गोष्ट कबूल करते, नाहीतर घरी गेल्यावर बायका मला सोडणार नाहीत. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सुती कपडा वाळत नाही. वळईत दोऱ्या बांधून, चुलीवर धरून आपल्या आयांनी लंगोट वाळवले आहेत. नायलॉनची साडी आली तेव्हा त्यांना किती सुटल्यासारखं वाटलं असेल! बाबांचा एकमेव टेरिलिनचा शर्ट वीस वर्षं टिकला. लग्नकार्याला गावातली दोन-तीन माणसं तो मागून नेत. तेव्हा धाग्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. न झिजणारा धागा घ्यायचा आणि चार वेळा घालून टाकायचा, यात गडबड आहे. पॉलिएस्टर घ्या की, पण मग बाबांसारखं वीस वर्षं घाला.

आकडे थोडे सांगते, कारण गणिताचे सर आले आहेत. एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालात म्हटलं आहे, की २००० ते २०१५ या काळात जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळजवळ दुप्पट झालं, आणि एक कपडा टाकण्याआधी जितक्या वेळा घातला जातो ते प्रमाण साधारण ३६ टक्क्यांनी खाली आलं. जुन्या कपड्यापासून पुन्हा कपडा होण्याचं प्रमाण एक टक्क्याहून कमी. भारतात वर्षाला सुमारे ७८ लाख टन कापडकचरा निघतो असा २०२२ चा अंदाज आहे. त्यातला निम्मा कारखान्यांतला नाही, आपल्या कपाटांतला आहे.

आणि जातो कुठे? मुंबईत तुमच्या दारात बोहारीण यायची, आठवतं? स्टीलच्या पातेल्यासाठी सहा साड्या मागायची आणि आपण चारवर अडायचो. या बहुतेक वाघरी समाजाच्या बायका. त्या नुसती भांडी विकत नव्हत्या. घेतलेले कपडे निवडायच्या, धुवायच्या, टाके घालायच्या, इस्त्री करायच्या आणि ज्याला नवा परवडत नाही त्याला विकायच्या. दिल्लीत रघुबीर नगरला त्यांचा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार पहाटे अंधारात भरतो. हे काम शहाणपणाचं होतं आणि आपण त्यांना दारातून आत घेत नव्हतो. आता सोसायटीचा पहारेकरीच त्यांना फाटकात अडवतो. परदेशातले जुने लोकरी कपडे पानिपतला येतात. तिथे रंगानुसार वेगळे करून, फाडून, पिंजून त्याचं पुन्हा सूत काढतात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं होतात. भूकंप-पुरात वाटली जाणारी करडी ब्लँकेटं बहुधा तिथली.

जे कुठेच खपत नाही, ते किनाऱ्यावर येतं. आफ्रिकेत घानाची राजधानी आक्रा, तिथे कांतामांतो नावाचा बाजार आहे. युरोप-अमेरिकेनं 'दान' केलेल्या कपड्यांच्या गासड्या तिथे उतरतात. आठवड्याला दीड कोटी नग असा अंदाज सांगतात. लोक त्या कपड्यांना 'मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे' म्हणतात, कारण जिवंतपणी कोणी इतकं टाकेल यावर पूर्वी त्यांचा विश्वास बसला नसावा. त्यातलं न विकलेलं गटारातून समुद्रात जातं आणि लाटांनी पिळवटून, दोरखंडासारखं होऊन वाळूत रुतून बसतं. तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात ते येतं. मी याची चित्रफीत पाहिली तेव्हा ते लांबचं वाटलं. मग आपल्या वर्गातल्या रापणकराला विचारलं. तो म्हणाला, "गेल्या आठवड्यात बांगडो गावूक नाय, पँट गावली." त्याच्या जाळ्यात ओढणी येते, साडीचा काठ येतो. पर्यटकांचे अंतर्वस्त्रांसकट सगळे प्रकार येतात, त्यावर त्यानं केलेली टिप्पणी स्मरणिकेत छापता येणार नाही. दिसतं ते एवढं. न दिसणारंही आहे: कृत्रिम धाग्याचे कपडे धुताना बारीक तंतू सुटतात. सूक्ष्म कणांच्या रूपानंच समुद्रात जाणारं जे प्लास्टिक आहे, त्यातलं सुमारे ३५ टक्के अशा धुण्यातून जातं, असं आययूसीएन या संस्थेनं २०१७ मध्ये मांडलं. बांगडा आपणच खातो.

त्याच रापणकराकडून मी आणखी एक शिकले. दांडीच्या किनाऱ्यावर दुपारी बघा, माणसं मांडी घालून जाळी शिवत बसलेली असतात. जाळ्याला भोक पडलं म्हणून जाळं कोणी टाकत नाही. त्यात कोणाला लाजही वाटत नाही. उलट ज्याचा हात साफ, त्याला मान. तोच माणूस घरी आला आणि पँटीच्या गुडघ्याला ठिगळ लावलं, तर बायकोला म्हणतो, "माका भिकारी करतस?" मी त्याला हे बोलून दाखवलं. तो गप्प बसला. आज त्याच्या शर्टाच्या कोपराला रफू आहे. मुद्दाम हात वर करून दाखव रे.

आता माझी चूक. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं. आमच्या मुंबईच्या सोसायटीनं कपडे गोळा केले आणि मी पुढाकार घेतला. चौदा गोण्या भरल्या. सोबत मीही गेले. रस्त्याच्या कडेला कपड्यांचा ढीग पडला होता, आमच्या आधी आलेला. ओला, चिखलात, त्यावरून माणसं चालत होती. झगझगीत पार्टीचे फ्रॉक, एका पायाचा मोजा, कोट. एक बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "परकर आहेत का? आणि आतले कपडे, नवे?" आमच्या चौदा गोण्यांत एकही परकर नव्हता. मी गोणी उघडली तर वरच माझ्या मुलीचा मण्यांचा घागरा. तो मी दिला, कारण तो मला कपाटात नको होता. त्या बाईला काय हवं असेल, हा विचार माझ्या मनात आला नव्हता.

अंशू गुप्ता यांची 'गूंज' ही संस्था याच जागी काम करते. १९९९ साली त्यांनी स्वतःच्या घरातल्या ६७ कपड्यांपासून सुरुवात केली, २०१५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्सुनामीनंतर तामिळनाडूत बेवारस पडलेले कपड्यांचे ढीग त्यांनी निवडून कामी लावले. त्यांच्याकडे आलेला कपडा आधी निवडला जातो, दुरुस्त होतो, आणि भीक म्हणून वाटला जात नाही. गावानं विहीर किंवा रस्ता केला की त्याचा मोबदला म्हणून दिला जातो. जुन्या सुती कापडाच्या पाळीच्या घड्या करून देतात. बघा, तिथेही सुतीच लागतं.

मग आपण करायचं काय? मी काही व्रत सांगणार नाही. मी स्वतः दुकानात एकच गोष्ट करते. आवडलेला कपडा हातात घेते आणि विचारते, फाटल्यावर याचं काय होईल? उत्तर 'काहीच नाही' असं आलं, तर तो वीस वर्षं घालीन का, हे विचारते. त्यालाही 'नाही' आलं तर परत ठेवते. दहातले सात परत जातात. शिवणी आतून उलटून बघते, माया आहे का. सहसा नसते. म्हणून आता पुन्हा कापड घेऊन शिंप्याकडे जाते. मालवणात शिवून देणारे अजून आहेत, पण मुलं पुढे करायला तयार नाहीत असं ते सांगतात.

दुसरं, लग्नातल्या साड्या. हसू नका. मानपानाच्या साडीबद्दल सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. ती साडी नेसायची नसतेच. ती पिशवीतून पिशवीत फिरते. माझ्याकडे गेल्या वर्षी एका लग्नात जी आली, ती मीच सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या लग्नात दिली होती. घडीत माझ्याच अक्षरातली चिठ्ठी सापडली. तेच ओटीच्या ब्लाउजपीसचं. इतकं पातळ कापड की त्यात हात घातला तर रेषा दिसतात. देवीची ओटी भरण्यात काटकसर करा, असं सांगायची माझी हिंमत नाही आणि इच्छाही नाही. पण माणसामाणसांतल्या ओटीत एक चांगला सुती खण किंवा नुसता नारळ दिला तर कोण रागावणार आहे? माझ्या मुलीच्या लग्नात आम्ही पाहुण्यांना सुती पंचे दिले. तीन नातेवाईक रुसले. बाकीच्यांचे पंचे आज वापरात आहेत, हे मी त्यांच्या न्हाणीघरात बघून आले आहे.

शेवटी त्या तेवीस हजार आठशेचं. त्यात दोन पायमशीन आली. दोन्ही बाहेर व्हरांड्यात ठेवली आहेत आणि उद्यापासून शाळेची. तुम्हांला कळवल्याप्रमाणे प्रत्येकानं एक फाटका कपडा पिशवीतून आणला असेल. जेवणानंतर तो घेऊन या. मी एका मशीनवर बसते. दुसऱ्यावर बाई बसणार आहेत, वय विचारू नका. काजं-बटणाला वेगळी रांग आहे. मुलग्यांनो, यंदा ती तुम्ही चालवायची आहे, सुईत दोरा ओवायला चष्मा आणला नसेल तर माझा घ्या. आणि सफारीवाल्यानं पहिल्यांदा यावं, त्याच्या शिवणीत माया आहे का ते बघून देते. सोलकढी थंड आहे तोवर जेवून घेऊ.